चोपण जमिनीला जिप्सम नेमके किती? समीकरणावरून मोलचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील कराडपासून सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरजपर्यंत कृष्णाकाठची जमीन खोल आणि काळी आहे. उपसा सिंचनामुळे तिला बारमाही पाणी मिळाले आणि उसाचे क्षेत्र वाढले. मात्र पाटाने भरपूर पाणी आणि निचरा कमी, असे वर्षानुवर्षे चालले, तिथे क्षार वर आले आणि काही जमिनी चोपण झाल्या. अशा जमिनीत ऊस फुटवे धरत नाही, पाणी दिवसेंदिवस साचून राहते आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे निघतात.

अशा शेतासाठी सल्ले अनेक मिळतात. कोणी म्हणते एकरी पाच पोती जिप्सम टाका, कोणी म्हणते जिप्समऐवजी गंधक वापरा. हे आकडे कुठून आले, ते सहसा कोणी सांगत नाही. खरे तर जिप्समची मात्रा हा अंदाजाचा विषय नाही. माती परीक्षण अहवाल आणि एक संतुलित रासायनिक समीकरण हाताशी असेल, तर तुम्ही ती स्वतः काढू शकता. त्यासाठी दहावीच्या विज्ञानातील मोलचा हिशेब पुरतो.

एक खुलासा आधीच करायला हवा. आपल्या भागात ‘मोल’ म्हटले की निचऱ्यासाठी ओढायचा मोल नांगर आठवतो. या लेखातला मोल वेगळा आहे, तो रसायनशास्त्रातील मोजणीचे एकक आहे. शेवटी निचऱ्याचा मोलही लागणारच आहे, पण त्याविषयी पुढे.

आधी जमीन कोणती, ते ठरवा

जिप्सम सर्व खराब जमिनींचे औषध नाही. अहवालातील तीन आकडे पाहा: सामू, क्षारता (विद्युत वाहकता) आणि विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण, म्हणजे ईएसपी.

- क्षारयुक्त जमीन: सामू ८.५ पेक्षा कमी, संपृक्त अर्काची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, ईएसपी १५ पेक्षा कमी. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो.
- क्षारयुक्त-चोपण जमीन: सामू साधारण ८.५ पर्यंत, क्षारता ४ पेक्षा जास्त, ईएसपी १५ पेक्षा जास्त.
- चोपण जमीन: सामू ८.५ पेक्षा जास्त, क्षारता ४ पेक्षा कमी, ईएसपी १५ पेक्षा जास्त.

पहिल्या प्रकारात क्षार पाण्यात विरघळलेले असतात. निचरा करून चांगल्या पाण्याने ते धुऊन काढले की काम होते. तिथे जिप्समवर पैसे घालवू नयेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तो नुसत्या पाण्याने निघत नाही. त्याच्या जागी दुसरे काहीतरी बसवावे लागते, आणि ते काम कॅल्शियम करतो. पुढचा सगळा हिशेब या दोन प्रकारांसाठी आहे.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडील घाटमाथ्यावरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीला हा हिशेब लावू नये. तिथला प्रश्न उलटा आहे.

मोल म्हणजे मोजलेले नग

सोयाबीनचे बियाणे किती लागेल, हे तुम्ही कसे काढता? आधी एकरी रोपांची संख्या ठरते, म्हणजे नग ठरतात. मग १०० दाण्यांच्या वजनावरून किलो काढतात. टपोऱ्या दाण्याचा वाण असेल तर तेवढ्याच रोपांसाठी जास्त किलो बियाणे लागते आणि बारीक दाण्याचा असेल तर कमी. गरज नगांची असते, पण तराजूवर आपण किलो मोजतो. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे १०० दाण्यांचे वजन.

रसायनातही नेमके हेच आहे. अणू आणि रेणू एकमेकांशी नगाने जोडले जातात, वजनाने नाही. पण ते इतके बारीक असतात की १०० नगांचे वजन करता येत नाही. म्हणून एक मोठी संख्या ठरवली आहे: साधारण ६०२ वर २१ शून्ये. इतक्या नगांना १ मोल म्हणतात. १ मोलचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या पदार्थाचा अणुभार किंवा रेणुभार.

आपल्याला लागणारे भार असे आहेत:

- सोडियम २३
- कॅल्शियम ४०
- गंधक ३२
- चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) १००
- गंधकाम्ल ९८
- जिप्सम (दोन पाण्यासह कॅल्शियम सल्फेट) १७२
- सोडियम सल्फेट १४२

शेताचा हिशेब ग्रॅममध्ये करत बसण्याऐवजी किलोमोल वापरा. १ किलोमोल म्हणजे १,००० मोल. मग १ किलोमोल जिप्सम म्हणजे १७२ किलो आणि १ किलोमोल गंधक म्हणजे ३२ किलो. वजन वेगळे, पण नग तेवढेच.

समीकरण काय सांगते?

चिकणमातीच्या कणावर ऋण प्रभार असतो. त्यावर धन प्रभाराचे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिकटतात. सोडियमचा प्रभार एक, कॅल्शियमचा दोन. म्हणून एक कॅल्शियम आला की दोन सोडियमची जागा घेतो. जिप्सम टाकल्यावर मातीत पुढील क्रिया होते:

२ सोडियम (मातीच्या कणावर) + १ जिप्सम → १ कॅल्शियम (मातीच्या कणावर) + १ सोडियम सल्फेट + २ पाणी

समीकरण संतुलित आहे का, ते तपासण्याची सोपी रीत म्हणजे दोन्ही बाजूंच्या वजनाची बेरीज. डावीकडे २ सोडियम ४६ आणि जिप्सम १७२, बेरीज २१८. उजवीकडे कॅल्शियम ४०, सोडियम सल्फेट १४२ आणि २ पाणी ३६, बेरीज २१८. बेरीज जुळली नाही, तर कुठे तरी आकडा चुकला आहे असे समजा.

समीकरणात पदार्थांच्या आधी असलेले आकडे म्हणजेच मोलचे गुणोत्तर. इथे सोडियम आणि जिप्सम यांचे गुणोत्तर २ : १ आहे. म्हणजे २ किलोमोल सोडियम काढायला १ किलोमोल जिप्सम हवे. किलोत सांगायचे तर ४६ किलो सोडियमला १७२ किलो जिप्सम, अर्थात १ किलो सोडियममागे ३.७४ किलो शुद्ध जिप्सम.

इथे एक चूक वारंवार होते. २ : १ पाहून २ किलोला १ किलो असे धरले जाते. गुणोत्तर नगांचे आहे, किलोचे नाही. रेणुभाराने गुणल्याशिवाय किलो मिळत नाहीत.

एका एकराचा हिशेब

उदाहरणासाठी एक अहवाल धरू. कॅटायन विनिमय क्षमता ५० सेंटिमोल प्रति किलो, ईएसपी २०. जुन्या अहवालात हेच एकक ‘मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम’ असे असते. आकडा तोच राहतो. आपल्याला ईएसपी १० वर आणायचा आहे.

पायरी १: काढायचा सोडियम. ५० चे २० टक्के म्हणजे १० सेंटिमोल सोडियम आज मातीवर आहे. १० टक्के म्हणजे ५ सेंटिमोल ठेवायचा आहे. म्हणून ५ सेंटिमोल प्रति किलो काढायचा. ५ सेंटिमोल म्हणजे दर किलो मातीमागे ०.०५ मोल.

पायरी २: मातीचे वजन. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. १५ सें.मी. थर धरला तर सुमारे ६०७ घनमीटर माती. घनमीटरला १.३ टन धरले तर सुमारे ७८९ टन. हिशेबासाठी ८ लाख किलो घ्या.

पायरी ३: सोडियमचे एकूण मोल. ८,००,००० × ०.०५ = ४०,००० मोल, म्हणजे ४० किलोमोल.

पायरी ४: मोलचे गुणोत्तर. २ सोडियमला १ जिप्सम, म्हणून ४० किलोमोल सोडियमला २० किलोमोल जिप्सम.

पायरी ५: किलो. २० × १७२ = ३,४४० किलो शुद्ध जिप्सम.

पायरी ६: शुद्धता. पोत्यावर ७५ टक्के शुद्धता लिहिली असेल तर ३,४४० ला ०.७५ ने भागा. उत्तर सुमारे ४,५९० किलो. ५० किलोची ९२ पोती. गुंठ्याला साधारण ११५ किलो.

आता ‘एकरी पाच पोती’ या सल्ल्याकडे पाहा. पाच पोती म्हणजे २५० किलो, त्यात शुद्ध जिप्सम सुमारे १८८ किलो, म्हणजे १.०९ किलोमोल. ते जास्तीत जास्त २.१८ किलोमोल सोडियम काढेल. काढायचा आहे ४० किलोमोल. म्हणजे काम साडेपाच टक्के झाले आणि ईएसपी २० वरून जेमतेम १९.५ वर आला. पाच पोत्यांतून पिकाला गंधक आणि कॅल्शियम मिळेल, भुईमूग-सोयाबीनला त्याचा उपयोगही होईल, पण चोपण जमीन त्याने सुधारणार नाही. ‘जिप्सम टाकून पाहिले, काही फरक पडला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी किती टाकले होते, ते विचारावे.

९२ पोती एकदम टाकायलाच हवीत असे नाही. सुरुवातीला गरजेच्या निम्मी मात्रा द्यावी, एक पावसाळा जाऊ द्यावा, पुन्हा माती तपासावी आणि उरलेली मात्रा त्या अहवालावरून ठरवावी. त्याने खर्चही विभागला जातो.

प्रयोगशाळेचा आकडा जास्त का येतो?

काही अहवालांत ‘जिप्समची गरज’ थेट टनात दिलेली असते आणि ती वरच्या हिशेबापेक्षा जास्त निघते. त्यामागे दुसरे समीकरण आहे. सामू खूप वाढलेल्या जमिनीत मातीच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा असतो. जिप्सम आधी त्याच्याशी जोडले जाते:

१ सोडियम कार्बोनेट + १ जिप्सम → १ चुनखडी + १ सोडियम सल्फेट + २ पाणी

इथे गुणोत्तर १ : १ आहे. एकरात असा ५ किलोमोल सोडा असेल तर ५ किलोमोल, म्हणजे ८६० किलो जिप्सम त्यातच खर्च होते आणि त्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो. तो मातीच्या कणापर्यंत पोहोचतच नाही. प्रयोगशाळा माती जिप्समच्या द्रावणात हलवून किती कॅल्शियम कमी झाला ते मोजते. त्यामुळे दोन्ही क्रियांची गरज एकत्र मोजली जाते. म्हणून अहवालात जिप्समची गरज दिली असेल तर तोच आकडा धरावा. आपला हिशेब तो आकडा पडताळण्यासाठी वापरावा.

जिप्समऐवजी गंधक चालेल का?

आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक ठिकाणी चुनखडी असते. म्हणजे कॅल्शियम शेतातच आहे, पण न विरघळणाऱ्या रूपात अडकलेला. गंधक टाकले की मातीतील जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतून जिप्सम तयार करते. समीकरण संतुलित का करावे लागते, हे इथे चांगले दिसते.

गंधक, ऑक्सिजन आणि पाणी यांचा एकेक रेणू धरला तर डावीकडे ऑक्सिजनचे अणू होतात ३, आणि गंधकाम्लात लागतात ४. हिशेब जुळत नाही. गंधक व पाणी दोन-दोन आणि ऑक्सिजन तीन घेतला की जुळतो:

२ गंधक + ३ ऑक्सिजन + २ पाणी → २ गंधकाम्ल

पुढची पायरी:

१ गंधकाम्ल + १ चुनखडी + १ पाणी → १ जिप्सम + १ कार्बन डायऑक्साइड

दोन्ही समीकरणे जोडली की १ गंधकामागे १ जिप्सम मिळते. नग सारखे, पण वजन ३२ विरुद्ध १७२. म्हणून १ किलो शुद्ध गंधक ५.३७ किलो शुद्ध जिप्समच्या बरोबरीचे. वरच्या उदाहरणात २० किलोमोल हवे होते, म्हणजे २० × ३२ = ६४० किलो शुद्ध गंधक.

दराची तुलनाही याच गुणोत्तराने करा, पोत्याच्या किमतीवरून नको. ९० टक्के शुद्धतेचे १ किलो गंधक म्हणजे ७५ टक्के शुद्धतेचे सुमारे ६.४५ किलो जिप्सम. गंधकाचा किलोचा दर जिप्समच्या दराच्या साडेसहापटीपेक्षा कमी असेल, तर नगांच्या हिशेबाने गंधक स्वस्त. जिप्समच्या दरात वाहतूक आणि पसरण्याची मजुरीही धरा, कारण वजन मोठे आहे.

मात्र खरेदीपूर्वी समीकरणाची डावी बाजू पुन्हा वाचा. तिथे गंधकाशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत.

एक, चुनखडी. २० किलोमोल गंधकाला २० किलोमोल, म्हणजे २,००० किलो चुनखडी लागते. मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ८ लाख किलो मातीत ती ४०,००० किलो आहे, म्हणजे भरपूर. चुनखडी आहे का, ते पाहण्यासाठी ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे. हातमोजे घालूनच हे करावे. बुडबुडे आलेच नाहीत, तर गंधकाऐवजी जिप्समच निवडा.

दोन, ऑक्सिजन. २ गंधकाला ३ ऑक्सिजन, म्हणून २० किलोमोल गंधकाला ३० किलोमोल ऑक्सिजन. रेणुभार ३२, म्हणजे ९६० किलो ऑक्सिजन मातीतल्या हवेतून यायला हवा. पाणी साचलेल्या मातीत हवा नसते. मग गंधक तसेच पडून राहते. निचरा नसलेल्या शेतात गंधकाचा उपयोग दिसत नाही, त्याचे हे मुख्य कारण. शिवाय हे काम जिवाणूंचे असल्याने ऊब, ओल आणि वेळ लागतो. जिप्सम पाण्यात विरघळताच कामाला लागते, गंधकाला काही आठवडे ते महिने द्यावे लागतात.

धैंचा किंवा ताग गाडल्याचा फायदाही याच प्रकारचा आहे. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून थोडी चुनखडी विरघळवतात आणि कॅल्शियम मोकळा होतो. हिरवळीचे खत जिप्समच्या जोडीला द्यावे, त्याच्या जागी नव्हे.

समीकरणाची उजवी बाजू विसरू नका

आतापर्यंत आपण काय टाकायचे ते पाहिले. पण समीकरणाच्या उजव्या बाजूला सोडियम सल्फेट आहे. जिप्सम आणि सोडियम सल्फेट यांचे गुणोत्तर १ : १. २० किलोमोल जिप्सम पूर्ण कामी आले तर २० किलोमोल सोडियम सल्फेट तयार होते. २० × १४२ = २,८४० किलो.

म्हणजे एका एकरात पावणेतीन टनांहून जास्त विरघळणारा क्षार तुम्ही स्वतः मोकळा केला. त्यात ९२० किलो सोडियम आहे. हा क्षार मुळांच्या थराखाली आणि शेताबाहेर गेला तरच जमीन सुधारली. तो तिथेच राहिला, तर उन्हाळ्यात पाणी वर चढते तेव्हा क्षारही वर येतो. चोपण जमीन क्षारयुक्त होते आणि मोकळा झालेला सोडियम हळूहळू पुन्हा मातीला चिकटतो. जिप्समचे पैसे पाण्यात जातात.

म्हणून क्रम असा: आधी निचरा, मग जिप्सम, मग पाणी. शेताच्या कडेने उघडे चर काढा. पाणीपातळी वर असेल तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून बंदिस्त निचरा करावा लागतो. जड मातीत कमी खर्चाचा पर्याय म्हणजे मोल नांगराने पोकळ नळ्या ओढणे. त्या कायम टिकत नाहीत, काही हंगामांनी पुन्हा ओढाव्या लागतात. सोडियम जास्त असलेली माती विरघळून नळी लवकर बुजते, हेही लक्षात घ्या. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. निचऱ्याची रचना ठरवण्यापूर्वी तिथे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे सल्ला घ्यावा. पाइपमधून निघालेले पाणी कुठे सोडायचे, हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न नसतो. ओढ्यापर्यंतचा मार्ग शेजाऱ्यांसह मिळून ठरवावा लागतो.

विरघळायला पाणी किती?

जिप्सम पाण्यात फार विरघळत नाही. एका लिटरमध्ये साधारण २.५ ग्रॅम. ३,४४० किलो विरघळवायला सुमारे १३.७६ लाख लिटर पाणी लागते. एका एकरावर ते ३४ सें.मी. उंचीचे होते. सोडियम असलेल्या मातीत कॅल्शियम लगेच खेचला जात असल्याने प्रत्यक्षात विद्राव्यता थोडी वाढते, पण एका पाण्यात काम होणार नाही, हे नक्की.

त्यासाठी पावसाचे पाणी सर्वांत चांगले, कारण त्यात क्षार नसतात. मे अखेरीस जिप्सम पसरून वरच्या १० ते १५ सें.मी. थरात कुळवाने मिसळावे. खोल नांगरटीत गाडू नये, कारण विरघळलेले पाणी वरून खाली जायला हवे. शेत सपाट करून बांध घालावेत, म्हणजे पाऊस वाहून न जाता मुरेल. पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात पाऊस पुरत नाही. तिथे नदीचे किंवा कालव्याचे चांगले पाणी टप्प्याटप्प्याने द्यावे.

विहिरीच्या पाण्यालाही हाच हिशेब

जमीन सुधारली आणि पाणी सोडायुक्त असेल, तर तीच वेळ पुन्हा येते. पाण्याच्या अहवालात अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा आकडा पाहा. १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत पाणी चांगले, २.५ पेक्षा जास्त असेल तर अयोग्य मानतात.

समजा तुमच्या विहिरीचा आकडा ४ आहे आणि तो २ वर आणायचा आहे. म्हणजे लिटरमागे २ मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम द्यायचा. कॅल्शियमचा प्रभार दोन, म्हणून २ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे १ मिलिमोल. १ मिलिमोल जिप्सम म्हणजे १७२ मिलिग्रॅम. एकराला ५ सें.मी. पाणी दिले तर ते सुमारे २ लाख लिटर. २ लाख लिटरला ३४.४ किलो शुद्ध जिप्सम, ७५ टक्के शुद्धतेचे ४६ किलो. म्हणजे दर पाण्याला जवळजवळ एक पोते. पाण्याच्या हौदात किंवा पाटात जिप्समची पोती ठेवून त्यावरून पाणी जाऊ दिले की ते हळूहळू विरघळते. ठिबकच्या नळ्यांतून मात्र असे जिप्सम देऊ नये, तोट्या बंद होतात.

हिशेब करताना इथे लक्ष ठेवा

- समीकरण संतुलित असल्याची खात्री करा. दोन्ही बाजूंच्या वजनाची बेरीज सारखी यायला हवी.
- आधी मोल काढा, मग गुणोत्तर लावा, शेवटी किलो काढा. किलोला थेट गुणोत्तर लावू नका.
- अहवालातील एकक प्रभाराचे असते. सोडियमसाठी १ सेंटिमोल प्रभार म्हणजे १ सेंटिमोल सोडियम, पण कॅल्शियमसाठी अर्धाच सेंटिमोल. हा दोनचा फरक विसरला तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी निघते.
- जिप्समचा रेणुभार १७२ धरा. त्यातील पाणी सोडून १३६ धरला तर मात्रा एक पंचमांशाने कमी पडते.
- पोत्यावरची शुद्धता शेवटी लावा. माल ओला असेल तर ओलीचे वजनही वजा करा.
- समीकरणाचा आकडा हा कमीत कमी लागणारा आकडा आहे. शेतात सगळे जिप्सम कामी येत नाही, काही न विरघळता राहते, काही खाली निघून जाते.
- नमुना कोणत्या खोलीचा आहे ते पाहा. हिशेब १५ सें.मी.चा आहे. ३० सें.मी. थर सुधारायचा तर मातीचे वजन दुप्पट आणि जिप्समही दुप्पट.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत एखाद्या शेतकऱ्याचाच अहवाल घेऊन या सहा पायऱ्या फळ्यावर मांडाव्यात. पोत्यांचा आकडा स्वतःच्या शेतातून निघालेला दिसला की तो पटतो, आणि त्याच फळ्यावर उजव्या बाजूचे २,८४० किलो लिहिले की निचऱ्याचा खर्च आधी का करायचा, तेही वेगळे सांगावे लागत नाही.

या हंगामात करायचे काम थोडक्यात असे. उभे पीक निघाले की ० ते १५ आणि १५ ते ३० सें.मी. असे दोन वेगळे नमुने घ्या. सामू, क्षारता, ईएसपी, विनिमय क्षमता, चुनखडी आणि जिप्समची गरज इतक्या गोष्टी तपासायला सांगा. विहिरीचे पाणीही सोबत द्या. उन्हाळ्यात चर किंवा निचऱ्याचे काम उरका, मेच्या अखेरीस मोजलेले जिप्सम मिसळा, पहिल्या पावसानंतर धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडा आणि पावसाळा संपल्यावर त्याच जागेचा नमुना पुन्हा तपासा. ईएसपी किती उतरला, त्यावरून पुढच्या वर्षीची पोती ठरवा.